परसूं म्हणजे कधी

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "बाबा, आपको जो है ना, उसका नाम है. कम्पल्सिव्ह सेक्शुअल बिहेव्हियर."

मी विचारलं, "मतलब?"

त्या मद्रासकडच्या. हिंदी तुटकं, पण बोलणं सरळ. त्यांनी सांगितलं ते मी माझ्या मराठीत लिहितो. माणसाला ते करायचं नसतं. त्यात सुख उरलेलं नसतं. नुकसान डोळ्यांना दिसत असतं. तरी हातपाय तिकडंच जातात. वासना म्हणजे आजार नव्हे, ती सगळ्यांना असते. लगाम तुटणं हा आजार.

मी बासष्ट वर्षांचा. बायको जाऊन चार महिने झाले होते. समोर बसलेल्या बाई माझ्या लेकीच्या वयाच्या. मला वाटलं, जमीन फाटावी. पण खरं सांगतो, दुसऱ्याच क्षणाला बरंही वाटलं. ज्याला नाव आहे ते आणखी कुणाला तरी झालेलं असणार.

हे लिहितोय ते त्या आणखी कुणासाठी. तू म्हातारा असशील, जवान असशील, लाजून मरायला टेकला असशील. मी चौथी शिकलेला माणूस आहे. गोड लिहिता येत नाही. जसं झालं तसं सांगतो.

मी नांदेडकडचा. पोटासाठी हैदराबादला आलो आणि बेगम बाजारात मिरचीच्या ठोक दुकानात तोलारी म्हणून लागलो. तोलारी म्हणजे माल तोलून देणारा. तीस वर्षं काट्यापाशी उभा राहिलो. अंगाला मिरचीचा वास कायमचा. बायको गयाबाई इथलीच, हैदराबादेत जन्मलेली. तिची मराठी इथल्या पाण्याची. अर्धी उर्दू, थोडी तेलुगू. मी तिला हसायचो, ती मला "नांदेडी धोंडा" म्हणायची.

तिच्या बोलण्यातला एक शब्द आधी सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. परसूं. आपल्या गावाकडं परवा म्हणजे कालच्या आदला दिवस, फार तर चार-आठ दिवसांमागं. हैदराबादेत परसूं म्हणजे कधीपण. मागच्या आठवड्यातलं लग्न परसूं झालेलं असतं आणि वीस वर्षांपूर्वीचा पूरही परसूंच आलेला असतो. गया म्हणायची, "परसूं आपली सुनंदा जन्मली तेव्हा..." तेव्हा सुनंदा टेलिफोन खात्यात नोकरीला लागली होती.

माझी सवय टॉकीजपासून लागली. त्या काळी काही टॉकीजांत सकाळी अकराचा मॉर्निंग शो असायचा, मोठ्यांच्या चित्रांचा. दुकानातल्या एकानं पहिल्यांदा नेलं. चाळिशी उलटून गेलेली होती माझी. पहिल्यांदा मजा होती. मग आठवड्यातून एकदा. मग तीनदा. मालकाला सांगायचो, गोदामात जातो. डबा घेऊन टॉकीजच्या अंधारात बसायचो. बाहेर आलं की ऊन डोळ्यात घुसायचं आणि स्वतःचा इतका राग यायचा की डबा न खाता कुत्र्याला घालायचो. गयानं पहाटे उठून केलेला डबा.

बाजारात नवी हवा आली. घरोघर केबल आली, व्हिडिओ आले, गल्लीत पडदा लावून पैसे घेऊन दाखवायला लागले. मला टॉकीजपर्यंत चालायचीही गरज उरली नाही. त्याच हवेत दुकानात इलेक्ट्रॉनिक काटा आला. आकडे आपोआप लाल अक्षरांत दिसायला लागले. मालकानं मला काढलं नाही, भला माणूस, दारापाशी स्टुलावर बसवलं. म्हणाला, "बसून राहा, काका." बसून राहणं हीच माझ्यासाठी सगळ्यात वाईट गोष्ट होती, ते त्याला काय ठाऊक.

बाहेरच्या बाईकडं मी कधी गेलो नाही. पण त्याची फुशारकी मारत नाही. घरातल्या बाईकडंही मी कधी नीट पाहिलं नाही, ती वर्षं.

आता गयाचं.

एप्रिलातल्या जयंतीच्या दोन-चार दिवस आधी ती म्हणाली, "ऐकलं का, परसूंपासून पोटात दुखायलंय. अंगावर लाल पण जायलंय." तिची पाळी जाऊन आठ वर्षं झाली होती.

मी म्हणालो, "दोन दिवस बघ. थांबलं नाही तर जाऊ."

मला ठाऊक होतं. पस्तीस वर्षं तिच्यासोबत काढली होती, तिच्या परसूंचा अर्थ मला ठाऊक होता. पण त्या दिवशी मी तो गावाकडचा अर्थ घेतला. दोन दिवस. सोयीचा होता तो.

दसऱ्यानंतर ती परत बोलली. या वेळेला म्हणाली, "एकटीला भ्या वाटतं. सोबत चला." बायकांच्या सरकारी दवाखान्यात सकाळी लाईन लावावी लागते. मी तिला लाईनीत उभी केली. म्हणालो, "दुकानात माल उतरायचाय, तासात येतो." माल नव्हता. अकराचा शो होता.

मी दोन वाजता गेलो तेव्हा ती दवाखान्याच्या पायरीवर बसली होती. आतल्या बाईनं सांगितलं होतं, तपासणीसाठी आत घ्यायचं तर सोबत घरचं कुणी पाहिजे. तिचा नंबर येऊन गेला होता. मी म्हणालो, "उद्या येऊ." ती पदर झटकून उठली.

दुसऱ्या दिवशी तिनं माझा सदरा धुतला. खिशात तिकिटाचा तुकडा राहिला होता. तो तिनं फेकला नाही. वाळवला, खिडकीत ठेवला, उडू नये म्हणून वर खडा ठेवला. मी पाहिला. तिनं मला पाहताना पाहिलं. त्यानंतर दवाखान्याचं नाव तिनं काढलं नाही आणि मीही नाही.

पौषात ती पाण्याच्या नळापाशी पडली. मग सुनंदानं धावपळ केली. तपासणाऱ्या डॉक्टर इथल्याच होत्या. त्यांनी विचारलं, कधीपासून? गया म्हणाली, "परसूंपासून." डॉक्टर इथल्याच, म्हणून फसल्या नाहीत. "परसूं बोले तो कित्ते महिने, अम्मा?" गयानं माझ्याकडं न बघता सांगितलं, "जयंतीच्या आधीपासून."

सर्व्हिक्सचा कॅन्सर. सर्व्हिक्स म्हणजे गर्भाशयाचं तोंड. थर्ड स्टेज, म्हणजे आजूबाजूला पसरलेला. शेक दिले, म्हणजे किरणांनी जाळायचं. सात महिन्यांत गेली. शेवटपर्यंत तिनं लेकीला माझ्याबद्दल एक अक्षर सांगितलं नाही.

आमच्यात माणूस गेल्यावर पुण्यानुमोदन करतात. भन्तेजी आले होते. सगळे मिळून त्रिसरण, पंचशील म्हणायचं असतं. तिसरं शील कामवासनेच्या वाईट चालीबद्दलचं. तिथं माझा आवाज बसला. ओठ हलवले नुसते. लोकांना वाटलं, दुःखानं बसला.

जेवणं झाली आणि सुनंदा बायकांमध्ये रडत म्हणाली, "आईनं कुणाला सांगितलंच नाही. तोंड उघडलं असतं तर आज ती इथं असती." सगळ्या म्हणाल्या, खरं आहे बाई, गया आतल्या गाठीची.

मी तिथंच बसलो होतो. खाली मान घालून.

त्यानंतरचे दिवस मी जास्त लिहीत नाही. खोलीत एकटा. दिवसातून किती वेळा, ते विचारू नका. अंगाला जखम होईपर्यंत. सुखाचा लवलेश नाही. तोंडात चिखल भरल्यासारखं वाटायचं आणि तरी परत.

हैदराबादच्या कोठी भागात भिंतीभिंतीवर पाट्या असतात, गुप्तरोगाचा शर्तिया इलाज. अशा एका दवाखान्यात आधी गेलो. पडद्यामागं एक माणूस बसलेला. त्यानं माझी नाडी धरली, बायको वारल्याचं ऐकलं आणि म्हणाला, "तुमच्या अंगातली गर्मीच तिला बाधली." पुड्या दिल्या. त्या पुड्यांनी काही झालं नाही. त्या वाक्यानं झालं. महिनाभर मी तेच वाक्य घेऊन झोपलो, उठलो. छताच्या हुकाकडं बघायला लागलो. एक दिवस दोरी आणायला बाजारात गेलो. दोरीवाला ओळखीचा. म्हणाला, "तोलारीकाका, कायकू पाहिजे दोरी? किती वजन धरायचं?" मी परत फिरलो ते थेट बस धरून मेंटल हॉस्पिटलला गेलो. त्या दवाखान्याचं नाव घेऊन हैदराबादेत लोक एकमेकांना चिडवतात. मी स्वतःच्या पायानं गेलो. तुलाही हुक दिसायला लागला असेल तर ही कागदं नंतर वाच, आधी जा. भोंदूकडं नव्हे, डॉक्टरकडं.

तर निदान झालं, ते वर लिहिलंच. त्यासोबत डिप्रेशनही आहे म्हणाल्या, म्हणजे मन खचून बसण्याचा आजार. दोन्ही एकमेकांना खायला घालतात.

मग तपासण्या. रक्त, लघवी, साखर. लाजेच्या रोगांसाठीचं रक्तही घेतलं. मी म्हणालो, मी कुठं गेलेलो नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, सगळ्यांचं घेतो. आणि सीटी स्कॅन, म्हणजे डोक्याचा आतून काढलेला फोटो. म्हातारपणी मेंदूच्या पुढच्या भागात काही बिघडलं तर माणसाची लाज सुटते, असं असतं म्हणे.

तो रिपोर्ट यायला चार दिवस लागले. ते चार दिवस मी एकच मागत होतो, गाठ निघू दे. गाठ निघाली असती तर सुनंदाला सांगता आलं असतं, बघ, गाठीनं केलं. वेटिंग हॉलमधल्या लाकडी बाकावर माझ्या शेजारी एक जवान पोरगा बसायचा, त्याची आई सारखी त्याचे केस नीट करायची. मला तिच्याकडं बघवायचं नाही.

रिपोर्ट आला. डॉक्टरबाई हसून म्हणाल्या, "नॉर्मल. उमर के हिसाब से एकदम ठीक."

मी ढसाढसा रडलो. त्यांना वाटलं आनंदानं.

गोळी सुरू झाली, फ्लुओक्झेटिन. ती ओढ मारत नाही, ओढीची धार कमी करते. पंधरा दिवस तोंड कोरडं, पोट बिघडलेलं. सोडू नका, तिला वेळ लागतो. आठवड्यातून एकदा, गुरुवारी, बसून बोलायचं. त्याला सायकोथेरपी म्हणतात. बोलण्याचा इलाज.

पहिल्या गुरुवारी बाईंनी विचारलं, "आखरी बार कब हुआ?"

मी म्हणालो, "परसूं."

त्यांनी लिहून घेतलं. दुसऱ्या गुरुवारी तेच विचारलं. मी तेच सांगितलं. तिसऱ्या गुरुवारीही. त्या दिवशी खरं तर सकाळीच झालं होतं, बसमध्ये चढायच्या आधी. बाई कागदावर बघत म्हणाल्या, "मंगलवार, मंगलवार, मंगलवार. मंगलवार को क्या होता है, बाबा?"

कोपऱ्यात बिलकीसबी टेबल पुसत होत्या. त्या तिथल्या जुन्या आया, तोंडात पान. हसायलाच लागल्या. "अजी डागटरम्मा, इनों परसूं बोले तो दो दिन नक्को समझो. हमारे हैद्राबाद में नानी मरी सो बी परसूंच, सुबू चाय पिये सो बी परसूंच!" आणि माझ्याकडं वळून, इथं कुणालाही मारतात ती पाशा अशी हाक मारत म्हणाल्या, "क्या तो बी पाशा, डागटरम्मा को टोपी पिन्हा रे तुमे?"

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. पेन ठेवलं. "म्हणजे तीन आठवडे मी खोट्यावर औषध देते आहे," असं काहीसं त्या हिंदीत म्हणाल्या. मग म्हणाल्या, "बाबा, या खोलीत परसूं हा शब्द बंद. तारीख आणि वार. झालं तर झालं, पण कधी झालं ते खरं."

नव्या वर्षाला बेगम बाजारातले व्यापारी गिऱ्हाइकांना कॅलेंडर वाटतात. आमच्या मालकाचं मी भिंतीला लावलं. झालं त्या तारखेला खिळ्यानं एक भोक पाडायचं. पेनानं नाही. पेन खोडता येतं, भोक बुजत नाही. तोलाऱ्याची खोड आहे ती.

पहिला महिना त्या कागदाची चाळण झाली. मी बाईंना दाखवायला लाजलो. त्या म्हणाल्या, "चांगलं आहे. आता दिसतंय तरी." रिकामं बसायचं नाही म्हणून मालकाला सांगून मी पोती शिवायचं काम मागून घेतलं. ओढ आली की खोलीबाहेर पडायचं, नारायणगुड्यापर्यंत चालत जायचं आणि परत यायचं. ओढ वीस-पंचवीस मिनिटांत उतरते. हे मला साठी उलटेपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटायचं, ती फक्त एकाच वाटेनं उतरते.

भोकं कमी होत गेली. मग थांबली. दहा दिवस. तीस. साठ. मला पाय जमिनीवर नसल्यासारखं झालं. बिलकीसबी म्हणाल्या, "पाशा का चेहरा देखो, दुल्हा बन गया."

शहात्तर दिवस झाले आणि सत्याहत्तराव्या दिवशी मी पडलो. नुसता पडलो नाही, गल्लीतल्या व्हिडिओवाल्याकडं जाऊन बसलो, दुपारभर. त्याच आठवड्यात आणखी दोनदा.

हे नीट वाचा, कारण तुमच्यावरही हा दिवस येणार. पडण्यापेक्षा पडल्यानंतरचं वाईट असतं. आतला एकजण म्हणतो, बघ, तू हाच आहेस, ते शहात्तर दिवस नाटक होतं. आता कशाला थांबतोस. आणखी दोनदा झालं ते त्याच्या बोलण्यानं झालं, ओढीनं नाही. मी कॅलेंडर भिंतीवरून काढलं आणि गुंडाळून बाईंच्या टेबलावर ठेवलं. "घ्या. मेरे से नहीं होता."

त्यांनी विचारलं, "तुम्ही पोती तोलायचात ना? शहात्तर पोती तोलून झाली, सत्याहत्तरावं फाटलं. मग आधीची शहात्तर परत तोलता?"

"कायकू? ती तोललेली आहेत."

"मग फाटलेल्याचं काय करता?"

"बाजूला घेतो. बघतो कुठून फाटलं. शिवतो."

"तर बघू या," म्हणाल्या, "कुठून फाटलं."

कॅलेंडर उलगडून त्या बघत बसल्या. मग आधीच्या पानावर बोट ठेवलं. मोकळे दिवस सुरू व्हायच्या आधीची शेवटची सगळी भोकं एका ओळीत होती. सोमवार, सोमवार, सोमवार. आणि सत्याहत्तरावा दिवसही सोमवार.

"रविवारी काय असतं, बाबा?"

"काही नाही. लेकीकडं जेवायला जातो."

"आणि हे शहात्तर दिवस?"

मी सांगायला तोंड उघडलं आणि तेव्हा मला दिसलं. सुनंदा दहा आठवडे जबलपूरला ट्रेनिंगला गेली होती. त्या दहा आठवड्यांत मी तिच्याकडं गेलोच नव्हतो. मी समजत होतो, माझ्या हिमतीनं झालं.

"रविवारी जेवताना काय होतं?"

काही होत नव्हतं हो. ती वाढायची. मला आवडतं म्हणून अंबाडीची भाजी करायची. आणि दर रविवारी, भाकरी ताटात टाकताना, एकच वाक्य म्हणायची. "आईनं तोंड उघडलं असतं तर आज तीही ताटावर असती, बाबा." मी मान हलवायचो. आणि सोमवारी...

त्या दिवशी मी पहिल्यांदा कुणाला तरी लाईन, पायरी, तिकीट, खडा, सगळं सांगितलं. बिलकीसबी बाहेर निघून गेल्या. डॉक्टरबाईंनी मला माफ केलं नाही, दोषही दिला नाही. म्हणाल्या, "कॅन्सर तुमच्यामुळे झाला नाही. तो भोंदू खोटं बोलला. पण ते आठ-नऊ महिने तुमचे आहेत. ते गोळीनं जाणार नाहीत. ते कुणाचे आहेत हे लेकीला ठाऊक नाही, तोपर्यंत दर सोमवार येणार."

मी म्हणालो, "सांगितलं तर ती मला तोडेल."

"शायद," म्हणाल्या.

एवढंच. शायद.

तीन रविवार मी तोंड उघडून मिटलं. चौथ्या रविवारी जावई नातीला घेऊन बाहेर गेले होते. सुनंदा भाकरी टाकायला वाकली आणि म्हणाली, "आईनं तोंड—"

मी म्हणालो, "उघडलं होतं."

तिचा हात तसाच राहिला.

"मला सांगितलं होतं तिनं. दोनदा. एकदा जयंतीच्या आधी, एकदा दसऱ्यानंतर."

"अन् तुम्ही?"

मी सांगितलं. टॉकीजचं नावही सांगितलं. सवय सांगितली, आजाराचं नाव सांगितलं, आणि हेही सांगितलं की आजार आहे म्हणून मी सुटत नाही. ती भिंतीला टेकून खाली बसली. चुलीवरची भाकरी जळाली तरी उठली नाही. मग बारीक आवाजात म्हणाली, "दसऱ्यानंतर कधी? तारीख सांगा. परसूं-फिरसूं नका सांगू."

मी तारीख सांगितली. ती माझ्या डोक्यात खिळ्यानं ठोकलेली होती.

"त्या दिवशी मी फोन केला होता दुकानात," ती म्हणाली. "तुम्ही नव्हता. नंतर आईला विचारलं तर म्हणाली, गोदामात गेलेत." मग उठली, तवा उतरवला. "जा तुम्ही, बाबा. जेवण झालं असेल तर जा."

झालं नव्हतं. गेलो.

दहा रविवार मला बोलावणं आलं नाही. मी सोमवारची वाट बघत बसायचो, की आता पडणार. पहिला सोमवार गेला. दुसरा गेला. मी नारायणगुड्याकडं चालायला जायचो, सुनंदा तिथंच राहते, पण तिच्या गल्लीत न शिरता, चौकातून परत. एका बुधवारी पडलो. भोक पाडलं, गुरुवारी जाऊन सांगितलं, पुढचं पोतं घेतलं. पुढं दीड महिन्यानं आणखी एकदा पडलो, दुपारी, डोकं रिकामं होतं म्हणून. त्याच संध्याकाळी बिलकीसबींना भेटून आलो, कारण एकटं राहणं धोक्याचं होतं. त्यांनी शिव्या दिल्या आणि चहा पाजला.

म्हणून सांगतो. बरा झालो असं मी म्हणत नाही. बरं होणं ही एका दिवसात होणारी गोष्ट नाही. पण एक पडणं म्हणजे सगळं गेलं, हे खोटं आहे. पडलास तर तारीख लिही. वार लिही. आदल्या दिवशी काय झालं ते लिही. लाजेनं डोळे मिटलेस तर ते कुठून फाटतंय हे कधीच दिसणार नाही. आणि घरात कुणी म्हणालं, दुखतंय, तर तिथल्या तिथं विचार, कधीपासून. उत्तर नीट मिळेपर्यंत विचार.

डॉक्टरबाईंचे उपकार फेडता येणार नाहीत. त्यांनी माझ्याकडं एकदाही नाक मुरडून पाहिलं नाही. बिलकीसबी नसत्या तर मी अजून परसूं-परसूं करत बसलो असतो. दोरीवाल्याला मी कधी सांगितलं नाही, पण त्याच्या दुकानावरून जाताना हात वर करतो. त्याला वाटतं, म्हातारा उगाच सलाम करतो.

गयाच्या वर्षाच्या पुण्यानुमोदनाला दुकानाच्या फोनवर निरोप आला. सुनंदाचा नाही, जावयाचा. "अकराला या, मामा."

अकराला. मी साडेनऊलाच गेलो, खालच्या पायरीवर बसून राहिलो.

वर माणसं जमली होती. गयाचा फोटो, मेणबत्त्या, पांढरी फुलं. सुनंदानं माझ्याकडं पाहिलं आणि फुलं सारखी करायला वळली. भन्तेजींनी सुरुवात केली. तिसरं शील आलं, मी दम धरला. आवाज बसला नाही. चौथं आलं, खोटं बोलण्याबद्दलचं. तिथं बसला. इतकी वर्षं मी तिसऱ्याला भीत होतो आणि माझी गाठ चौथ्यात होती. मी थांबलो, खाकरलो आणि सगळ्यांच्या मागून, एकटा, ते पूर्ण म्हटलं. दोन-चार माणसांनी वळून पाहिलं.

जेवायच्या वेळी माझी बहीण, सुनंदाची आत्या, डोळे पुसत म्हणाली, "गयानं मनातच ठेवलं बघ सगळं. एका शब्दानं सांगितलं असतं तर..."

सुनंदा वाढत होती. तिनं भांडं खाली ठेवलं.

"आईनं सांगितलं होतं, आत्या," ती म्हणाली. "दोनदा सांगितलं होतं."

आत्यानं विचारलं, "कुणाला गं?"

सुनंदानं माझ्याकडं पाहिलं नाही. नावही घेतलं नाही. ती फोटोकडं बघत उभी राहिली, आणि मला कळलं, तिनं एवढी जागा माझ्यासाठी मोकळी ठेवली आहे.

मी म्हणालो, "मला."